थंड मुलखाचं कुत्रं, लातूरचं ऊन

शिरूर अनंतपाळच्या परिसरात जनावराची किंमत विचारणं हा लोकांचा जुना छंद आहे. शेजारचाच तालुका देवणीचा. त्या गावाच्या नावानं एक अख्खा गोवंश ओळखला जातो. इथल्या जाणत्या शेतकऱ्याला वानेरा, बाळंक्या आणि शेवरा हे देवणीचे तीन प्रकार बांधावरूनच ओळखू येतात, आणि नवी बैलजोडी दिसली की 'कितीला पडली?' हा प्रश्न रामरामाच्या आधी तोंडातून निघतो. कुत्र्याबद्दल मात्र असं कधी कुणी विचारत नसे. म्हैस घेतात, शेळी घेतात, कुत्रं आणतात. मामाच्या गावाहून, कुणाच्या शेतातल्या आखाड्यावरून, पोत्यात नाहीतर पिशवीत घालून, पिशवीचं तोंड थोडं उघडं ठेवून. 'पिल्लू आणलंय' असं म्हणायचं, 'घेतलंय' असं नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत हे क्रियापद बदललं. आता तालुक्याच्या गावातही पिल्लू 'घेतलं' जातं, मोबाइलवर फोटो पाहून, आगाऊ पैसे पाठवून, पुण्याहून नाहीतर हैदराबादहून. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पग, पॉमेरेनियन ही नावं बोलण्यात रुळली. आणि अलीकडे एखाद्या नव्या बंगल्याच्या फाटकाआड निळ्या डोळ्यांचा, लांडग्यासारखा दिसणारा सायबेरियन हस्कीही दिसतो. एप्रिलच्या दुपारी तो फरशीवर पोट टेकून, जीभ हातभर बाहेर काढून पडलेला असतो. येणारे-जाणारे थांबतात, फोटो काढतात, आणि आता विचारतात, 'कितीला पडलं?'

या प्रश्नाचं खरं उत्तर पिल्लाच्या किमतीत नसतं. घेतानाची रक्कम एकदाच जाते. पुढची दहा-बारा वर्षं जो खर्च चालतो तो त्या कुत्र्याच्या मूळ मुलखावर ठरतो. जे कुत्रं ज्या हवेत घडलं, ती हवा त्याला फुकट मिळाली तर ते स्वस्तात जगतं. ती विकत घ्यावी लागली की मीटर चालू होतं.

हस्की हे सायबेरियाच्या ईशान्य टोकावरच्या चुक्ची लोकांचं कुत्रं. बर्फावरून घसरगाडी ओढण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडत नेलेलं. 1925 च्या हिवाळ्यात अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, विमान उडेना, बोटी गोठलेल्या. तेव्हा कुत्र्यांच्या गाड्यांनी टप्प्याटप्प्यानं हजारभर किलोमीटर औषध पोचवलं. त्यातल्या बाल्टो नावाच्या कुत्र्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात उभा आहे. सेंट बर्नार्ड आल्प्समधल्या खिंडीतल्या मठाचं. आपल्याकडचीही डोंगरी कुत्री आहेत: हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांची, कुमाऊँ-गढवालच्या भोटियांची. अंगावर दुहेरी केस; आत लोकरीसारखा मऊ थर, वर राठ केसांचं पांघरूण. बर्फात झोपलं तरी आतलं अंग कोरडं राहावं अशी ही रचना.

डोंगरातल्या शहरात कुत्रं पाळणं फुकट पडतं असं नाही. शिमल्यासारख्या ठिकाणी घरातून उचलून नेणारा शत्रू असतो बिबट्या. म्हणून हिमालयातले मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात. बिबट्या आधी नरडं धरतो. त्याची झळ महाराष्ट्राला ठाऊक आहे. जुन्नर, अकोले भागातल्या उसात बिबट्याच्या पोटात जाणाऱ्या जनावरांत गावातली कुत्री पुष्कळ असतात. पण डोंगरात निदान हवेचं बिल येत नाही. मराठवाड्यात बिबट्याची धास्ती फार नाही, इथे ऊन आहे.

आणि हे ऊन कुत्र्याला माणसापेक्षा जड जातं. माणूस अंगभर घाम गाळून गार होतो. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना, तोही नावापुरता. त्याचं सगळं काम जिभेवर आणि श्वासावर. धापा टाकायच्या, तोंडातली ओल हवेत सोडायची, तेवढंच गार व्हायचं. निरोगी कुत्र्याचं अंग एरवीच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्या तापाइतकं. लातूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. भोवतालची हवाच अंगापेक्षा गरम झाली की नुसत्या धापा पुरत नाहीत. आतला ताप 106 च्या वर गेला की उष्माघात. तिथून कुत्रं परत येईलच असं नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याची तर श्वासाची वाटच अरुंद. 2003 मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे दुडूदुडू पळणारा पग देशभर घराघरात पोचला आणि गावोगाव त्याला मागणी आली. त्याला जून उजाडेपर्यंत श्वास पुरत नाही, हे जाहिरातीत सांगायचं कारणच नव्हतं.

काही जण उन्हाळा आला की हस्कीचे केस वस्तऱ्यानं उतरवतात. चांगल्या मनानं केलेली ही चूक. तो केसांचा थर थंडी अडवतो तसं थेट ऊनही अडवतो. उतरवला की कातडी भाजते आणि पुढे केस नीट येतीलच असं नाही.

मग उरतो कूलर नाहीतर एसी. कूलरला दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी लागतं. लातूरकरांना पाण्याचा हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होतं, आणि ती पाहायला लोक स्टेशनवर जमले होते. ज्या जिल्ह्यानं घागरीसाठी नंबर लावले आहेत, तिथे कुत्र्याच्या कूलरला पाणी भरताना शेजारच्या बाईची नजर चुकवावी लागते. हा खर्च कुठल्या पावतीवर येत नाही.

आता जमेल तेवढा पावतीचा हिशेब मांडू. भाव दुकानागणिक कमी-जास्त होतील, पण अंदाज यायला हरकत नाही. हस्कीएवढ्या कुत्र्याला पाकिटातलं खाद्य दिवसाला साधारण 400 ग्रॅम धरलं आणि किलोला 200 रुपये मोजले, तर रोजचे 80 रुपये, वर्षाचे 29,200. उन्हाळ्याचे तीन महिने रोज दहा युनिट एसीला गेले आणि युनिटला दहा रुपये पडले तर 9,000. केस विंचरणं, अंघोळ, नखं हे काम तालुक्याच्या गावात कुणी करत नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा लातूर गाठायचं. तिथले 800 आणि गाडीच्या पेट्रोलचे 600, वर्षाचे झाले 16,800. लसी, जंताचं औषध, गोचिडांचं औषध यांना साडेतीन हजार. एकूण 58,500. यात आजारपण नाही, मोडलेली खुर्ची नाही, लग्नाला गावी जाताना कुत्र्याला कुणाकडे ठेवायचं तो प्रश्न नाही.

रुपयांत हा आकडा नीट कळत नाही. लातूरच्या भाषेत सांगायचं तर सोयाबीनमध्ये सांगावं. 2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये जाहीर झाला. त्या भावानं हस्की वर्षाला अकरा क्विंटल सोयाबीन खातो. एकरी सात क्विंटलचा उतारा धरला, आणि पाऊस वेळेवर आला तरच तो धरायचा, तर दीड एकराचं पीक. बी, खत, फवारणी, काढणी वजा न करता. बाजारात हमीभावही हाती पडत नाही, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

त्याच गावात, त्याच गल्लीत दुसरं कुत्रं असतं. त्याचं नाव मोती, वाघ्या नाहीतर राजा. त्याला दिवसाला 300 ग्रॅम ज्वारीचं पीठ, म्हणजे तीन भाकरी. किलोला 40 रुपये धरले तर 12 रुपये. दोन अंडी, 14 रुपये. ताक, दुधाचं भांडं विसळलेलं पाणी, शेवटच्या घासाला राहिलेला भात हे जमेस धरायचं नाही. वर्षाचे झाले 9,490. वर्षाच्या लसी 1,400, जंताच्या गोळ्या 400, गोचिडांचं औषध 1,500. बेरीज 12,790. सोयाबीनमध्ये अडीच क्विंटलच्या आत. खरं तर यातली भाकर घरच्या ज्वारीची असते आणि बहुतेक घरांत लसीचे पैसे खर्चच होत नाहीत, म्हणून 'आमच्या कुत्र्याला काही खर्च नाही' असं लोक म्हणतात. लसीचे ते वाचवलेले पैसे कुठे जातात ते पुढे येईल.

गावठी कुत्र्याची जातकुळी सांगता येत नाही, पण लातूर जिल्ह्याला स्वतःचं एक जातिवंत कुत्रं आहे आणि ते शिरूर अनंतपाळपासून फार लांबही नाही. चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव कारवानी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. लांब पाय, खोल छाती, वेलीसारखी बारीक कंबर, निमुळतं तोंड. अंगावर मांस असं दिसतच नाही. फासळ्या मोजून घ्याव्यात. नवखा माणूस पाहून हळहळतो, 'याला खायला घालत नाहीत का?' खायला घालतात. धावणाऱ्या कुत्र्याची ठेवणच ती. कारवानीच्या फासळ्या दिसेनाशा झाल्या तर मालकानं काळजी करावी. ज्यांच्या कानाला, शेपटीला लांब रेशमी केस असतात त्यांना पश्मी म्हणतात.

नावातच त्याचा प्रवास आहे. मध्य आशियातून, अरबस्तानाकडून व्यापाऱ्यांचे नि सैन्याचे तांडे दख्खनेत उतरले, त्यांच्याबरोबर ही धावणारी कुत्री आली असं मानलं जातं. कारवाँबरोबर आली म्हणून कारवानी. म्हणजे तीही कधीकाळची परदेशीच. फरक इतकाच, की ती थंडीतून आली नाहीत. वाळवंटातल्या उन्हातून आली, आणि दख्खनच्या माळावर शेकडो वर्षं राहून इथली झाली. आखूड केस, पातळ कातडी, धावून अंग तापलं तरी लवकर निवतं. त्याला एसी लागत नाही, लिंबाची सावली नि पाण्याचं कुंडं पुरतं. थंडीत मात्र पोतं पांघरावं लागतं. डिसेंबरात हे कुडकुडतं.

हे कुत्रं पूर्वी स्वतःचा खर्च स्वतः काढायचं. माळावर ससा उठला की मालकाच्या डोळ्याचं पातं लवायच्या आत ते त्याच्या मागे सुटायचं. ते दिवस 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संपवले. सशाची शिकार आज गुन्हा आहे, काळविटाची तर विचारूच नका. कायदा योग्यच; पण त्यामुळे एक कमावतं जनावर खाणारं झालं, हेही खरं. आता कारवानी शेत राखतो आणि पिल्लांच्या विक्रीतून चार पैसे मिळवून देतो. त्या विक्रीलाही नियम आहेत. 2017 च्या केंद्राच्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याला नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. गावातल्या किती जणांना हे ठाऊक आहे, हा वेगळा विषय.

कारवानीच्या वाट्याला खर्च कमी आला, तशी कीर्तीही कमीच आली. याच घडणीचं कुत्रं कृष्णेच्या खोऱ्यात मुधोळला वाढलं. तिथले संस्थानिक राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली आणि 'मुधोळ हाउंड' हे नाव जगात गेलं. 2005 मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटक सरकारनं संशोधन केंद्र उभारलं, लष्करानं मेरठच्या आपल्या केंद्रात या कुत्र्यांना प्रशिक्षण दिलं, आणि ऑगस्ट 2020 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी देशी कुत्री पाळा असं सांगताना मुधोळचं नाव घेतलं. कारवानीचं नाव त्यात नव्हतं. दोन्ही कुत्री एकच की वेगळी, यावर जाणकारांत वाद आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया कारवान हाउंडला मान्यता देतो. पण सीमेपलीकडच्या गावाला राजा मिळाला, जानवळला मिळाला नाही, एवढा फरक दिसतो. नाव झालं की पिल्लाची किंमत वाढते. ती वाढली की गरीब शेतकऱ्याचं कुत्रं श्रीमंताच्या गॅलरीत जाऊन बसतं. त्यामुळे जानवळच्या कारवानीची फार कीर्ती न होणं ही त्याच्यासाठी वाईटच गोष्ट आहे, असं छातीठोकपणे म्हणवत नाही.

हस्की असो, कारवानी असो की मोती, सगळ्यांना एका ठिकाणी यावं लागतं: जनावरांच्या सरकारी दवाखान्यात. सकाळचे नऊ. आवारात लोखंडी पाइपांचा खोडा, त्यात एक गाय उभी. तिला कृत्रिम रेतनासाठी आणलेलं. भिंतीला धरून दोन शेळ्या, एकीचं पोट फुगलेलं. त्यांच्या मागे एक पोरगा कुत्र्याला पोटाशी कवटाळून बसलेला. कुत्र्याच्या तोंडाला त्यानं आईच्या जुन्या साडीची चिंधी बांधलेली आहे, कारण तोंडाची जाळी बाजारात शोधूनही मिळाली नाही. दुसऱ्या हातात थर्मास. थर्मासात बर्फ, बर्फात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली लसीची इवलीशी बाटली. लस दवाखान्यात शिल्लक नसेल तर मेडिकलमधून आणायची, आणि ती 2 ते 8 अंशांतच टिकते. मोटारसायकलच्या डिकीत उन्हात तापली की लस उरत नाही, पाणी उरतं. नंबर येतो, मानेच्या कातडीची चिमूट धरली जाते, सुई जाते. कुत्रं कुईं करायच्या आत काम झालेलं असतं. पोरगा मात्र डोळे मिटून बसलेला.

ही व्यवस्था गाई-म्हशींसाठी उभी राहिली आणि ते बरोबरच आहे. घर दुधावर चालतं. पशुवैद्यकाला दारी बोलावण्याचा 1962 हा टोल-फ्री क्रमांकही पशुधनासाठी आहे. सरकारच्या लेखी गाय हे धन आणि कुत्रं ही हौस, हे कराच्या तक्त्यातही दिसतं. गुरांच्या पेंडीवर, चाऱ्यावर जीएसटी नाही. कुत्र्या-मांजरांच्या पाकिटातल्या खाद्यावर 18 टक्के. दवाखान्याच्या फीवर मात्र दोघांनाही कर नाही, तेवढी बरोबरी आहे. कुत्र्याचा एक्स-रे, रक्ताची तपासणी, मोडलेल्या पायाची शस्त्रक्रिया यांसाठी लातूर नाहीतर उदगीर. उदगीरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे या भागाचं मोठं भाग्य. मुंबईत 2024 मध्ये टाटा ट्रस्टनं महालक्ष्मीला फक्त लहान पाळीव प्राण्यांसाठी 165 कोटी रुपये खर्चून रुग्णालय उघडलं. तिथून इकडे पाहिलं तर उदगीर लहान वाटेल. शिरूर अनंतपाळहून पाहिलं तर तेच मुंबई आहे.

लस चुकली की खर्चाचं तोंड उघडतं. त्यातला पहिला पाहुणा पार्व्हो. हा विषाणू 1970 च्या दशकाच्या अखेरीला जगात नव्यानं दिसला आणि बघता बघता सगळीकडे पसरला. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू सकाळी खेळत असतं, संध्याकाळी कोपऱ्यात तोंड घालून बसतं, रात्री उलट्या, दुसऱ्या दिवशी रक्ताची हगवण आणि एक विशिष्ट घाण वास. तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. विषाणूवर थेट औषध नाही. पाच-सात दिवस सलाइन, उलटी थांबवायची इंजेक्शनं, प्रतिजैविकं, आणि पिल्लाची जिद्द. रोज गाडी करून लातूरला नेलं तर आठवड्यात पाच-दहा हजार सहज जातात आणि तरी पिल्लू हाती लागेलच असं नाही. सहा-आठ आठवड्यांचं असताना सुरू होणारे नि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं घ्यायचे जे डोस, त्यांचा खर्च याच्या पासंगालाही पुरत नाही. शिवाय पार्व्हो त्या अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो. पिल्लू गेलं म्हणून पोरं रडतात, बाप त्यांची समजूत घालायला पंधरा दिवसांत दुसरं आणतो आणि त्याच जागी बांधतो. तेही जातं.

गोचीड हा मराठवाड्याचा दुसरा शाप. गोठा आणि कुत्रं एकाच दावणीला, त्यामुळे गुरांच्या गोचिडांचा नि कुत्र्याच्या गोचिडांचा शेजार. कानाच्या पाळीत, बोटांच्या बेचक्यात एरंडीच्या बीसारख्या टपोऱ्या फुगलेल्या असतात. लोक रॉकेल लावतात, विडी टेकवतात. दोन्हींनी कातडी जळते. चिमट्यानं मुळाशी धरून सरळ ओढून काढावी आणि साबणाच्या पाण्यात टाकावी. नखानं चिरडू नये. गोचिडांतून येणारा ताप कुत्र्याचं रक्त खातो. हिरड्या पांढऱ्या पडल्या की दिवस थोडे उरले असं समजावं. हस्कीच्या दाट केसांत गोचीड शोधायला अर्धा तास लागतो, कारवानीच्या अंगावर ती लांबूनही दिसते. इथेही जातीचा फरक पडलाच.

खाण्याबद्दल आपल्याकडे एक सुंदर कथा आहे. नरसीच्या नामदेवांची भाकर कुत्र्यानं पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. आजचा पशुवैद्य त्यांना हात जोडून थांबवील, कारण फार तुपानं कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते. कथेतली माया मात्र कुठल्याही आहारतक्त्यात बसत नाही. खरा धोका तुपापेक्षा कालवणाचा. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो, आणि आपला रस्सा त्याशिवाय होत नाही. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, अख्खं गाव शेतात असतं, भज्जी, आंबील, उंड्यांचा बेत असतो आणि आखाड्यावरच्या कुत्र्यापुढेही पत्रावळ येते. त्या दिवशी लसणाच्या आंबिलीऐवजी त्याला कोरा उंडा टाकावा. द्राक्षं, मनुका, चॉकलेट कधीच नको. दूध सगळ्यांना पचतं असंही नाही. हगवण लागली तर ताक बरं. ॲल्युमिनियमच्या ताटलीत कुस्करलेली भाकर, वर उकडलेलं अंडं, शेजारी पाण्याचं कुंडं, एवढ्यात बारा वर्षं निघतात.

आता त्या वाचवलेल्या लसीच्या पैशांकडे. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात मोकाट कुत्री पावणेतेरा लाखांच्या घरात निघाली. पाळलेलं गावठी कुत्रं रात्रभर त्यांच्यातच असतं. ते घरचं की गल्लीचं, हे त्याचं त्यालाही ठरवता येत नाही. पिसाळलेलं एखादं त्यांच्यात शिरलं की सगळी धोक्यात. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस काय नि कुत्रं काय, वाचत नाही. पाश्चरनं 1885 मध्ये जोसेफ मायस्टर या मुलाला लस टोचली तेव्हापासून हा रोग टाळता येतो, बरा मात्र आजही करता येत नाही. माणसासाठी ही लस सरकारी रुग्णालयात मोफत आहे, पण मोफत म्हणजे बिनखर्चाची नव्हे. चावल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी जायचं. कातडीऐवजी स्नायूत टोचली तर चौदाव्यालाही. प्रत्येक खेपेची मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं, सोबत एक माणूस. जखम खोल असेल तर जखमेतच प्रतिद्रव्याचं इंजेक्शन, आणि ते तालुक्याला शिल्लक नसेल तर जिल्ह्याला धाव. कुत्र्याची रेबीजची लस बाजारात तीनशे-चारशे रुपयांत येते. तेवढी टाळली की तिची परतफेड अशी, आणि बऱ्याचदा ती शेजाऱ्याच्या पोराला करावी लागते.

हस्की घेणाऱ्याला कंजूस म्हणता येत नाही, गावठी पाळणाऱ्याला दयाळू म्हणायलाही घाई करू नये. पहिला हौसेपायी कुत्र्याला चुकीच्या हवेत आणतो, दुसरा सवयीपायी त्याला दैवावर सोडतो. दोघांत निवडायचंच तर दुसऱ्याची चूक सुधारायला फार कमी पैसे लागतात. पहिल्याला मात्र बारा वर्षं एसी चालवावा लागेल, आणि तो चालवणं परवडत नाही म्हणून कुत्रं एखाद्या रात्री महामार्गाच्या कडेला सोडून येणं हा उपाय नाही. प्राण्यांना निर्दयपणे वागवण्याविरुद्धच्या 1960 च्या कायद्यानं पाळीव जनावर असं सोडून देणं गुन्हा ठरतं.

ज्यांच्या दारात आधीच कुत्रं आहे त्यांनी एक करावं. दवाखान्यातून लसीचं कार्ड मागून घ्यावं आणि पुढच्या वर्षीची तारीख घरातल्या कालनिर्णयवर, जिथे दुधाचा नि गॅसच्या टाकीचा हिशेब लिहिता तिथेच, लिहून ठेवावी. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या सुमाराला पुष्कळ ठिकाणी कुत्र्यांना लस मोफत टोचतात. आपल्या दवाखान्यात चौकशी करा, आणि जाताना थर्मास नसला तरी चालेल, तोंडाला बांधायला चिंधी मात्र घेऊन जा.